सही कुणाची मागायची?

बोईसरच्या एमआयडीसीत पाच-सात वर्षं काढलेल्या माणसाची फाईल उघडली, तर नेमणूकपत्र सापडतं, पगाराच्या स्लिपा सापडतात, नशीब बरं असेल तर आधीच्या कंपनीचं अनुभवपत्र आणि रिलिव्हिंग लेटरही सापडतं. शिफारसपत्र सहसा नसतं. त्याची आठवण होते ती दहेजच्या एखाद्या मोठ्या प्लँटची जाहिरात आल्यावर, आखाती देशात माणसं पाठवणारी एजन्सी ‘रेफरन्स द्या’ म्हणाल्यावर, किंवा पालघरच्या दांडेकर कॉलेजातून बीएस्सी होऊन क्यूसी लॅबमध्ये लागलेली मुलगी परदेशी एमएसचा फॉर्म भरायला बसल्यावर. तोवर मुदत संपायला आठ दिवस उरलेले असतात आणि डोक्यात पहिला प्रश्न येतो: आपल्या ओळखीत सर्वांत मोठा साहेब कोण?

घोळ इथूनच सुरू होतो. पत्र वाचणाऱ्याला साहेब केवढा आहे यापेक्षा तुम्ही कसे आहात हे जाणून घ्यायचं असतं, आणि ते सांगू शकेल असा माणूस बहुधा मोठ्या केबिनमध्ये बसत नाही. तो कसा शोधायचा आणि त्याला कसं विचारायचं, ते क्रमाने पाहू.

आधी कागद ओळखा

नोकरी सोडताना किंवा नवी शोधताना जे कागद लागतात, ते सगळे एका जातीचे नसतात.

अनुभवपत्र हा नोंदीचा कागद. तुम्ही कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या हुद्द्यावर, कोणत्या विभागात होतात एवढंच तो सांगतो. तो एचआरकडून येतो आणि त्यात कुणाच्या मताला जागा नसते. हा कागद मागताना संकोच नको. मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्राचा हक्क दिला आहे. तुम्ही ठेकेदाराच्या हजेरीवर असाल, तर २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेत कंत्राटदाराने मागणी केल्यावर केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभव प्रमाणपत्र द्यायचं आहे. म्हणजे मागणी करावी लागते. ती लेखी करा आणि पोच घ्या.

काही ठिकाणी अनुभवपत्राचाच तपशील फार महत्त्वाचा ठरतो. कॅनडात स्थायिक होण्यासाठी एक्स्प्रेस एंट्रीतून अर्ज करणाऱ्याला कंपनीच्या लेटरहेडवर हुद्दा, कामाचं स्वरूप, तारखा, आठवड्याचे कामाचे तास आणि पगार लिहिलेलं पत्र लागतं, आणि त्यावर थेट वरिष्ठाची किंवा एचआरची सही लागते. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसायचं तर बॉयलरवर काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. अशा कागदांवर सही कुणाची चालेल हे नियमच ठरवतो. जाहिरातीतला किंवा अर्जातला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, म्हणजे निम्मी धावपळ वाचेल.

शिफारसपत्राचं तसं नाही. ते देणं कुणावरही बंधनकारक नाही. कुणी तरी आपल्या नावाची पत पणाला लावून सांगतो की हा माणूस मी पाहिला आहे आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. ते मनापासून आलं तरच त्याला किंमत, म्हणून निवडही इथेच करायची असते.

तिसरा प्रकार नुसत्या रेफरन्सचा. नवी कंपनी दोन नावं आणि दोन फोन नंबर मागते, आणि मग एचआर फोन करून विचारतं. कागद नसतो, पण निवडीचा हिशेब शिफारसपत्रासारखाच.

तीन चाळण्या

कुणाला विचारायचं त्याची यादी करा आणि प्रत्येक नाव तीन प्रश्नांतून गाळा.

पहिला प्रश्न: या माणसाने माझं काम पाहिलं आहे का? मालकाने तुम्हाला दसऱ्याच्या मशीनपूजेला पाहिलेलं असतं, फॅक्टरी मॅनेजरने महिन्याच्या मीटिंगला. रात्रपाळीत रिअॅक्टरचं तापमान चढायला लागलं तेव्हा तुम्ही काय केलंत, कुणाला फोन लावलात, आणि सकाळी लॉगबुकात जे घडलं तेच लिहिलंत की नाही, हे शिफ्ट इनचार्जला ठाऊक असतं. समजा दोघांनीही पत्र दिलं. डायरेक्टर लिहितील, ‘श्री. अमुक हे मेहनती, प्रामाणिक व होतकरू असून त्यांच्या भावी वाटचालीस शुभेच्छा.’ इनचार्ज लिहील, ‘हा दोन वर्षं माझ्या शिफ्टला होता. पर्मिट पूर्ण झाल्याशिवाय त्याने एकदाही व्हेसलचं मॅनहोल उघडू दिलं नाही. उत्पादन अडलंय म्हणून मी स्वतः घाई केली, तेव्हाही नाही.’ पहिलं पत्र कुणालाही लागू पडतं. दुसरं एकाच माणसाचं आहे, आणि केमिकल प्लँट चालवणारा कुणीही ते वाचून थांबेल.

दुसरा प्रश्न: किती काळ पाहिलं, आणि कधी? तीन महिन्यांच्या ओळखीवर चांगलं पत्र होत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या साहेबांना तुम्ही ट्रेनी म्हणून आठवता. आता तुम्ही सिनियर ऑपरेटर किंवा ऑफिसर आहात हे त्यांनी पाहिलेलंच नाही. गेल्या तीन-चार वर्षांत निदान वर्षभर तुमच्या कामाशी ज्याचा रोजचा संबंध होता, तो सर्वांत बरा.

तिसरा प्रश्न: तो लिहील का आणि सापडेल का? काही माणसं शब्द देतात आणि विसरतात. काहींना लिहायचा कंटाळा असतो, पण फोनवर मोकळेपणाने बोलतात. त्यांचं नाव रेफरन्ससाठी ठेवा, पत्रासाठी नको. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मात्र कुणाला गाळू नका. साध्या वाक्यांतलं, पण नेमकं सांगणारं पत्र अलंकारिक पत्राहून जास्त उपयोगी पडतं.

हुद्द्याला काहीच किंमत नाही असंही नाही. दोघांनी काम सारखंच पाहिलं असेल, तर वरच्या हुद्द्याचा निवडा. आणि एक मधला मार्ग आहे: पत्र इनचार्जने लिहावं आणि प्लँट हेडने खाली दोन ओळी जोडून सही करावी. तपशील एकाचा, हुद्दा दुसऱ्याचा.

नातेवाईक, मग ते कंपनीत कितीही मोठ्या जागी असोत, यादीतून पहिल्या झटक्यात काढा. आडनाव सारखं दिसलं की वाचणारा पत्र बाजूला ठेवतो.

एक जुना दाखला

पाहिलेल्या माणसाचा शब्द किती दूर नेतो याचं उदाहरण बोईसरवरून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्याच मार्गावरचं आहे. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा एक विद्यार्थी कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेत भरला. केळुसकर त्याच्या शाळेचेही नव्हते, पण त्यांनी त्याचं वाचन पाहिलं, त्याला पुस्तकं दिली. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा त्यांनीच त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेलं. महाराजांनी चार प्रश्न विचारले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. नंतर कोलंबिया विद्यापीठात त्यांना शिकवणारे अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याबद्दल पत्र लिहिलं. केळुसकर काही संस्थानिक नव्हते, आणि सेलिग्मन जगप्रसिद्ध प्राध्यापक होते. त्या विद्यार्थ्याला अभ्यास करताना दोघांनीही जवळून पाहिलं होतं, म्हणून दोघांच्याही शब्दाला वजन आलं.

एमआयडीसीतल्या अडचणी

पुस्तकी सल्ला इथवर सोपा असतो. तारापूर-बोईसरच्या या एमआयडीसीत मात्र काही गाठी आहेत.

पहिली गाठ ठेकेदारीची. काम एका कंपनीच्या शेडमध्ये, पगार दुसऱ्याच्या खात्यातून, आणि रोजचा हुकूम तिसऱ्याचा. अनुभव प्रमाणपत्र द्यायचं ठेकेदाराने, पण तुमचं काम पाहिलं कंपनीच्या इंजिनिअरने. अशा वेळी दोन कागद दोघांकडून घ्या. ठेकेदाराचा दाखला तारखांसाठी, आणि इंजिनिअरचं पत्र कामासाठी. ‘हे अमुक कंत्राटदारामार्फत आमच्या प्लँटमध्ये काम करत होते’ असं इंजिनिअरने स्पष्ट लिहावं. लपवलं, तर पडताळणीत कंपनीचं एचआर ‘हा आमच्या रोलवर नव्हताच’ असं सांगणार आणि खरा अनुभवही खोटा ठरणार.

दुसरी गाठ कंपनीच्या नियमाची. बऱ्याच कंपन्यांत लेटरहेडवर फक्त एचआर लिहितं आणि तेही हुद्दा आणि तारखांपुरतं. तुमचे साहेब मनाने तयार असले तरी हात बांधलेले असतात. त्यांना लेटरहेडसाठी गळ घालू नका. साध्या कागदावर स्वतःचं नाव, हुद्दा आणि तुमच्याशी कामाचं नातं लिहून ते व्यक्तिगत पत्र देऊ शकतात, किंवा फोनवर बोलू शकतात. विद्यापीठं बहुधा पत्र लिहिणाऱ्याला थेट ईमेलवर लिंक पाठवतात. तिथे कंपनीचा ईमेल असला तर बरं, आणि नसला तर निदान त्या माणसाची नोकरी कुठे पडताळता येईल हे कळायला हवं.

तिसरी गाठ गुप्ततेची. सध्याच्या साहेबांकडे शिफारस मागणं म्हणजे नोकरी सोडतोय हे जाहीर करणं. बोईसर एवढं लहान आहे की एका गेटवरची बातमी संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गेटवर पोचते. म्हणून आधीच्या कंपनीतले साहेब, याच कंपनीतून वापी, सरीगाम किंवा अंकलेश्वरला गेलेले इनचार्ज, तुमच्याबरोबर ऑडिटला बसलेला ग्राहक कंपनीचा माणूस, अशी नावं आधी शोधा. सध्याच्या वरिष्ठांचंच पत्र हवं असा आग्रह असेल, तर ऑफर हातात आल्यावर ते देतो असं सांगता येतं.

चौथी गाठ कामाच्या जातीची. इथे उत्पादनाइतकीच महत्त्वाची कामं सांडपाण्याची आणि सुरक्षेची आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत वरच्या स्थानी होतं. तेव्हा इथल्या ईटीपीवर ज्याने नीट काम केलंय, त्याचा अनुभव कुठल्याही केमिकल पट्ट्यात विकला जातो. पण ईटीपी ऑपरेटर पत्र मागायला प्रॉडक्शन मॅनेजरकडे जातो, कारण तो मोठा. त्याने जायला हवं ते एन्व्हायर्न्मेंट ऑफिसरकडे किंवा लॅबच्या केमिस्टकडे. रोजचे पीएच आणि सीओडीचे आकडे कुणी सांभाळले, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी नमुना घ्यायला आले तेव्हा कागद तयार कुणी ठेवले होते, हे त्यांना माहीत असतं.

चिठ्ठी आणि सरकारी नोकरी

पालघर-बोईसरकडे शिफारस म्हटलं की अनेकांना आधी पुढाऱ्याची चिठ्ठी आठवते. आमदार, जिल्हा परिषद सदस्य, सरपंच यांच्याकडून ‘हा आपला स्थानिक मुलगा आहे, कामाला लावा’ एवढं लिहून घेणं हा इथला जुना रिवाज. स्थानिकांना कामावर घ्या ही मागणी रास्त आहे, आणि अशा चिठ्ठीने गेटच्या आत बोलावणं येऊही शकतं. पण तुम्हाला वेल्डिंग येतं की नाही याबद्दल ती काही सांगत नाही. कुशल जागेसाठीच्या अर्जाला ती जोडलीत, तर मुलाखत घेणाऱ्याला वाटतं की दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तारापूर अणुऊर्जा केंद्राची गोष्ट आणखी वेगळी. १९६९ पासून वीज देणाऱ्या या केंद्रात आपल्या घरातलं कुणी लागावं असं परिसरातल्या गावागावांत वाटतं. अणुऊर्जा महामंडळाची किंवा भाभा अणुसंशोधन केंद्राची भरती जाहिरात, परीक्षा आणि मुलाखत या वाटेने होते, आणि सरकारी भरतीच्या जाहिरातींत वशिला लावणारा अपात्र ठरेल असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे शिफारसपत्र जोडणं म्हणजे स्वतःचं नुकसान. निवड झाल्यावर मात्र चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावं द्यावी लागतात. तिथेही मोठं नाव शोधू नका. चौकशीला माणूस आला तर ‘हो, याला लहानपणापासून ओळखतो’ म्हणणारे गावातले शिक्षक किंवा पोस्टमास्तर बरे. न विचारता कुणाचं नाव टाकू नका. दारात पोलीस उभा राहिल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं, तर ते गोंधळतील आणि नुकसान तुमचं होईल.

दोन-तीन पत्रं असतील तर

परदेशी विद्यापीठं सहसा दोन किंवा तीन पत्रं मागतात. तिन्ही एकाच प्लँटमधली घेतली, तर तीच गोष्ट तीनदा सांगितली जाते. प्रत्येकाने तुमची वेगळी बाजू दाखवावी. क्यूसीतल्या त्या मुलीचंच घ्या. प्रोजेक्ट करून घेणारे रसायनशास्त्राचे प्राध्यापक तिची अभ्यासाची तयारी सांगतील. लॅब इनचार्ज सांगतील की एचपीएलसीचा निकाल मर्यादेबाहेर गेला तेव्हा तिने घाईने पुन्हा इंजेक्शन न देता आधी कारण शोधलं. क्यूएचे अधिकारी सांगतील की ऑडिटरच्या प्रश्नांना तिने कशी उत्तरं दिली. वाचणाऱ्याला तीन बाजूंनी एकच व्यक्ती दिसते.

विचारायचं कसं

पत्र हवं त्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी विचारा. ऑडिटचा आठवडा, शटडाऊन आणि मार्चअखेर टाळा. शिफ्ट बदलताना, हँडओव्हरच्या गर्दीत तर विषयच काढू नका. आधी फोनवर वेळ मागा आणि सुट्टीच्या दिवशी किंवा जेवणाच्या वेळेत निवांत बोला.

प्रश्नात नकाराला जागा ठेवा. ‘सर, पत्र द्याल ना?’ असं विचारलं तर भिडेखातर हो येतं आणि मग कोमट पत्र येतं. त्याऐवजी, ‘सर, तुम्ही माझं काम दोन वर्षं पाहिलंय. त्याबद्दल तुम्हाला सविस्तर आणि चांगलं लिहिता येईल असं वाटतं का? जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरी सोय करीन.’ उत्तर लगेच आणि उत्साहाने आलं, तर माणूस योग्य. ‘बघू’, ‘आठवण कर’, ‘एचआरला विचारून सांगतो’ अशी उत्तरं आली, तर आभार मानून यादीतल्या पुढच्या नावाकडे वळा. आत्ताचा नकार नंतरच्या कोमट पत्रापेक्षा स्वस्त पडतो.

होकार मिळाल्यावर त्यांचं काम सोपं करा. जाहिरात किंवा कोर्सची माहिती, तुमचा बायोडाटा, पत्र कुठे आणि कसं पाठवायचं, शेवटची तारीख, आणि त्यांच्या समोर तुम्ही केलेल्या चार-पाच कामांची तारखांसह यादी द्या. यादीत विशेषणं नकोत. काय अडलं होतं, तुम्ही काय केलं, काय फरक पडला एवढंच. पाच दिवस आधी एक आठवण पुरते. फोन येण्याची शक्यता असेल तर कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या जागेसाठी, तेही सांगून ठेवा.

‘तूच लिहून आण’

आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर हे. साहेबांना वेळ नसतो, म्हणून ते म्हणतात, ‘ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.’ सोपं वाटलं तरी यात सापळा आहे. एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रं वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात. तीच वाक्यरचना, तेच शब्द. अनेक विद्यापीठांत अर्जदाराने स्वतः पत्र लिहिणं नियमबाह्य आहे. त्यामुळे पूर्ण पत्र देण्याऐवजी मुद्दे द्या आणि म्हणा, ‘सर, तुमच्या शब्दांत चार ओळी आल्या तरी चालतील.’ बोलायला सोपं वाटत असेल तर फोनवर आठवणी सांगायला लावा आणि तेवढेच मुद्दे लिहून त्यांच्याकडे परत पाठवा. मजकूर त्यांचाच राहतो. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जात पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न असतो; तो सोडला तर पत्राला वजन जास्त मिळतं, म्हणून निवड आधीच नीट झालेली हवी.

ओळखच नसेल तर

जव्हार, विक्रमगड, तलासरीहून बोईसरला आलेल्या, घरात पहिल्यांदाच कारखान्यात पाऊल ठेवणाऱ्या मुलामुलींना वाटतं की आपल्या ओळखीत कुणी नाही. आत्तापर्यंत सांगितलेलं खरं असेल, तर त्यांची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. त्यांना लागणारी ओळख कामावरच तयार होते. आयटीआयचे निदेशक, अॅप्रेंटिसशिपमधले सुपरवायझर, शिफ्टचे इनचार्ज, प्रशिक्षण देणारे सेफ्टी ऑफिसर यांनी त्यांना रोज पाहिलेलं असतं, आणि ज्याचा मामा कंपनीत आहे त्याच्याइतकंच पाहिलेलं असतं. फक्त ही माणसं सुटू देता कामा नयेत.

म्हणून नोकरीत असतानाच तीन सवयी लावून घ्या. वरिष्ठ कंपनी सोडून जात असतील, तेव्हा त्यांचा खासगी नंबर आणि ईमेल घ्या. कारखाने विकले जातात, नावं बदलतात, बंद पडतात. म्हणून तुम्ही सोडाल त्याच आठवड्यात, तपशील ताजे असताना पत्र मागा. आणि पीएफचं पासबुक, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ जपून ठेवा. पत्रातल्या तारखांना आधार देणारे कागद तेच असतात.

काम झालं की कळवा, न झालं तरी कळवा. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना निकाल न सांगणं ही आपल्याकडची फार मोठी उणीव आहे, आणि पुढच्या वेळी त्यांचा हात आखडतो तो त्यामुळेच. पुढे तुम्ही स्वतः इनचार्ज व्हाल आणि एखादा ज्युनिअर असाच संकोचत समोर येईल. त्याचं काम पाहिलं असेल तर सविस्तर लिहा, आणि पाहिलं नसेल तर ज्याने पाहिलंय त्याच्याकडे पाठवा.